आठ वाजताची रेवती

सोमवार, ३ नोव्हेंबर. रात्रीचे नऊ.
अन्याय. घोर अन्याय. 'रेवतीचं घर' सतरा तारखेपासून संध्याकाळी सहा वाजता! आठच्या जागी सासू-सुनांनी जोडीने नाचायचा कार्यक्रम. प्रोमोतली बाई तर हसत हसत सांगत होती, आमच्यावर उपकार केल्यासारखी.

मला स्वतःला मालिकांचं काही नाही. पाटबंधारे खात्यात अधिकारी होतो, असल्या गोष्टींना वेळच नव्हता. रिटायर झाल्यावरही मी आठ वाजता बसतो तो केवळ हिला सोबत म्हणून. प्रश्न हिचा आहे. सहा वाजता ही दुसऱ्या मजल्यावरच्या विमलाबाईंबरोबर जॉगिंग ट्रॅकवर जाते. म्हणजे हिची मालिका बुडणार. हिला बातमी सांगितली, तर 'बरं' म्हणाली आणि कुकर लावायला गेली. धक्का बसला की माणसं अशीच बोलतात.

हिच्यासाठी लढायचं ठरवलं आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.
चॅनलला सविस्तर ईमेल केला. 'सौ. मोहिनी सुनील बोरस्ते यांच्या वतीने.' मुख्य मागणी स्लॉटची. लिहायला बसलोच होतो म्हणून कथानकाबद्दलही चार शब्द सुनावले. रेवतीची स्मृती पहिल्यांदा जिन्यावरून पडून गेली, मान्य. दुसऱ्यांदा डोक्यात नारळ पडून? घरात नारळाचं झाड नाही. शिवाय सात वर्षांचा लीप घेतला, पोरं मिशीला आली, आणि आत्याबाईंची जांभळी साडी तीच. प्रेक्षक डोळे मिटून बसतो असं समजू नये.

आजचा भाग बरा होता. रेवती स्वतःच्या मुलाला ओळखत नाही, पाहुणा म्हणून त्याला जेवायला वाढते, आणि तो गप खाली मान घालून जेवतो. नेमकी त्याच वेळी माझी धुळीची ॲलर्जी उसळली. डोळे, नाक, सगळंच. हिने न बघता नॅपकिन पुढे केला. ही ॲलर्जी साधारण आठ-सव्वाआठलाच येते. बाहेर रस्ता खोदून ठेवलाय, त्याचा परिणाम.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.
चॅनलचं उत्तर! 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' मोलाचा. असा शब्द कोणी उगाच वापरत नाही. हिला वाचून दाखवलं. म्हणाली, परवा गॅसवाल्यांचाही असाच मेसेज आला होता. हिला पत्रव्यवहाराचा अनुभव नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर.
सोसायटीच्या पार्किंगमध्ये 'प्रेक्षक हक्क समिती'ची पहिली सभा. सगळ्या खुर्च्या मांडल्या. उपस्थिती मोजकी पण दर्जेदार. एक गृहस्थ पाणी किती वाजता सोडणार ते विचारायला आले होते. खालच्या मजल्यावरचा दीपक मोटारसायकल काढायला आला होता. आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या कुसाबाई किल्ली द्यायला.

कुसाबाई मूळच्या सायखेड्याच्या. त्यांनी भाषण शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "भाऊ, एवढं कशाला वरडता? मोबाइलवर आदल्या दिवशीच येतंय ना सगळं. उद्याचा पाह्यलाय मी. लय रडवलंय, नाक पुसायला काहीतरी घिऊन बसा." आणि उद्याचा भाग सांगायलाच लागल्या. सभा तहकूब करून मी कान झाकले. मोबाइलवर मालिका बघणं म्हणजे उभ्याने जेवणं. मालिका आठ वाजता, सोफ्यावर, बाजूला कोणीतरी असताना बघायची असते. हिच्यासाठी म्हणतोय मी.

सोमवार, १० नोव्हेंबर.
महत्त्वाचा शोध. दीपकच्या घरी टीआरपीचं यंत्र आहे! वर्गणीच्या निमित्ताने गेलो होतो, तर टीव्हीशेजारी नवीन काळा डबा. हिरवा दिवा लुकलुकतोय. या डब्यांवरूनच कोणती मालिका चालते ते ठरतं. दीपकला विचारलं तर म्हणाला, काका, तसं काही नाही. अर्थातच. हे लोक गुप्ततेची अट घालतात, असं मी वाचलंय. त्याच्या नकारामुळेच माझी खात्री पटली.

योजना: सतरापर्यंत रोज आठ वाजता दीपककडे बसायचं आणि त्याच्या टीव्हीवर रेवती लावायची. आकडे असे चढवायचे की चॅनलवाल्यांनी स्वतः फोन करावा.

हिला एकटीलाच बघावं लागेल. लढ्यात त्याग असतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.
दीपककडचे लोक तसे समजूतदार. पहिल्या दिवशी चहा, दुसऱ्या दिवशी पाणी, तिसऱ्या दिवशी नुसतंच 'बसा काका'. त्याच्या पोरांना क्रिकेट बघायचं होतं, त्यांना मी रेवतीचा पूर्वेतिहास समजावून सांगितला. ती आत निघून गेली. आज बहुधा आत्मचिंतनासाठी दीपकही गेला.

जाहिरातीत तो बाहेर आला आणि हळूच म्हणाला, काका, ते डबडं पार्किंगच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करतं. सोसायटीचंच आहे. तुम्हीच मीटिंगमध्ये ठराव मांडला होता, ते माझ्याकडे ठेवायचं म्हणून.

ठराव मांडला होता हे खरं आहे. पण मी मांडलेले ठराव सोसायटी अमलात आणत नाही, त्यामुळे लक्षात राहत नाहीत.

घरी आलो तर टीव्ही बंद. हिला विचारलं, आजचा भाग कसा झाला? म्हणाली, लावलाच नाही, निवांत वाटाणे सोलत बसले होते. माझ्याशिवाय हिला मालिका गोड लागत नाही, हे यावरून सिद्ध होतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर. संध्याकाळी.
आजपासून बहिष्कार. सहा वाजता मालिका बघायची नाही म्हणजे नाही. ही बूट घालून विमलाबाईंबरोबर गेली. मी पेपर वाचत बसलो. चॅनलने खरंच वेळ बदलली की नुसती धमकी होती, हे तपासायला टीव्ही लावला. बदलली होती. पुराव्यासाठी म्हणून पूर्ण भाग पाहिला.

आत्याबाईंनी रेवतीचं मंगळसूत्र साखरेच्या डब्यात लपवलं. मी म्हणालो, बघ, मी सांगितलं नव्हतं? मग लक्षात आलं, बाजूला कोणी नाही. सवय असते.

उद्यापासून कडक बहिष्कार.

गुरुवार, २० नोव्हेंबर.
बहिष्कार चालू आहे. तिन्ही दिवस पूर्ण भाग पाहून निषेध नोंदवला.

रात्री जेवताना हिला गोष्ट सांगतो. आज नवऱ्याच्या तोतयाने रेवतीच्या सासऱ्यांच्या पाया पडल्याचा प्रसंग सांगत होतो. सांगताना ॲलर्जी आली. ही म्हणाली, पोळी घ्या. ट्रॅकवर कोणाच्या मांजरीला पिल्लं झाली, ते मग हिने सांगितलं. बराच वेळ सांगितलं. हसत होती. हिचं दुःख ही अशी लपवते.

मंगळवार, २५ नोव्हेंबर.
विजय! चॅनलचा फोन. तृप्ती नावाची मुलगी. आतापर्यंतचे माझे सगळे ईमेल त्यांच्या ऑफिसात मोठ्याने वाचले जातात, असं म्हणाली. मागे कोणीतरी खूप आनंदाने हसत होतं. 'प्रेक्षकांच्या घरी' म्हणून छोटा कार्यक्रम करतायत, शनिवारी कॅमेरा घेऊन नाशिकला येणार. मी स्पष्ट विचारलं, स्लॉटचा विषय? म्हणाली, तुम्ही कॅमेऱ्यासमोरच मांडा ना सर.

म्हणजे आठ वाजता परत. नक्की. सोफ्याचं कव्हर बदलून घेतलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर.
ब्लेझर घालून बसलो. मी स्लॉट, लीप, नारळ आणि मराठी मालिकांची एकंदर दिशा या विषयांवर बोललो. कॅमेरावाल्याने मध्ये एकदा बॅटरी बदलली, इतकं बोललो. शेवटी म्हणालो, हा लढा माझा नाही. माझ्या पत्नीचा आहे. तिचं आठ वाजताचं सुख तुम्ही हिरावलंत.

तृप्तीने कॅमेरा हिच्याकडे वळवला. विचारलं, काकू, रेवतीमध्ये तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?

ही साडीला हात पुसत म्हणाली, "मी नाही हो बघत ती मालिका. ह्यांना एकट्याने रडायची लाज वाटते, म्हणून शेजारी बसते."

कॅमेरावाला खोकला. मी खुलासा केला की माझी धुळीची ॲलर्जी आहे, डॉक्टरांची चिठ्ठीही दाखवू शकतो. तृप्ती म्हणाली, हो सर, हो सर. हे सगळं एडिटिंगमध्ये जाईल. जाणारच. असंबद्ध भाग काढतातच.

गुरुवार, ४ डिसेंबर.
प्रक्षेपण झालं. एडिटिंगमध्ये मी गेलो.

माझं सगळं बोलणं कापून एक वाक्य ठेवलंय, 'ॲलर्जी आहे.' ते हिच्या वाक्यानंतर लावलंय आणि मागे बासरी. सोसायटीच्या ग्रुपवर दीपकने टाकलं. पुण्याहून हर्षालीचा फोन आला, बाबा, तू रडतोस? पोटच्या मुलीने असं विचारावं. गिरणीवाल्याने पीठ देताना नॅपकिन हवा का विचारलं.

स्लॉटबद्दल चॅनलने एक शब्द काढला नाही.

हिच्याशी दिवसभर बोललो नाही. म्हणजे संध्याकाळी बोललो. विचारलं, तीन वर्षं तू नुसतीच बसत होतीस? म्हणाली, नुसती कशाला, तुम्हाला बघत होते. मला वाईट वाटलं. आणि थोडं बरंही वाटलं, तेही लिहून ठेवतो.

शुक्रवार, ५ डिसेंबर.
आज रेवतीची स्मृती परत येणार होती. पावणेसहाला हिला म्हणालो, आजचा दिवस थांब. ही बुटाची नाडी बांधत म्हणाली, "आता सगळ्या नाशिकला कळलंय ना, मग लाज कसली? रडा मोकळेपणाने. मी येते फिरून."

मालिका लागली. रेवतीने मुलाला नावाने हाक मारली. धूळ नव्हती, खिडक्या बंद होत्या. सरळ रडलो. लाज वाटली नाही, हिचं म्हणणं खरं होतं. पण रडून झाल्यावर काय करायचं ते कळेना. जाहिराती लागल्या, सोफ्याची पलीकडची बाजू तशीच, कव्हरसुद्धा चुरगळलेलं नाही. टीव्ही बंद केला. भाग अर्धा राहिला.

ही आल्यावर जाहीर केलं की उद्यापासून मीही सहा वाजता ट्रॅकवर येणार. गुडघ्यांसाठी. रेवतीचं काय झालं ते कुसाबाई सांगतील. ही म्हणाली, आमचा ग्रुप बायकांचा आहे. मी म्हणालो, मग मी थोडा मागून चालेन.

विचार करून सांगते म्हणाली.