अठरा गिअरांची सायकल आणि तीन गिऱ्हाइकं

देवास,
सोमवार, ९ जानेवारी २००६

ती. दादासाहेब यांस धाकट्या बहिणीचा, जयवंतीचा, नमस्कार. तुमच्या दोन्ही गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण सीतावहिनी फोनवर म्हणाल्या की हल्ली घरात आधी त्यांची विचारपूस करावी लागते, मग तुमची. उजवा बरा आहे आणि डावा रुसलेला आहे असं कळलं. थंडी फार आहे, तिळाचं तेल कोमट करून लावत जा, आणि लावून झाल्यावर वहिनींवर रागावू नका. इकडे आम्ही दोघं ठीक. ह्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी फॅक्टरीचा भोंगा वाजला की उठून बसतात आणि झोपमोडीबद्दल मला बोल लावतात.

आता सायकलीविषयी. तुमचा हुकूम असा होता की देवासला फॅक्टरीतले पगारदार मराठी लोक पुष्कळ, धारपेक्षा भाव चांगला येईल, तेव्हा सात हजारांना विकावी, आणि संक्रांतीपर्यंत नाहीच गेली तर भंगारवाल्याला द्यावी. इंदूरच्या डॉक्टरांकडून तुम्ही घरी आलात, ‘आता माझं संपलं’ म्हणालात आणि दुसऱ्याच दिवशी ती बसच्या टपावर चढवून माझ्याकडे धाडलीत. तेव्हापासून तुम्ही व्हरांड्यात खुर्ची टाकून भिंतीकडे तोंड करून बसता, पेपरची घडीसुद्धा मोडत नाही, असं वहिनी सांगतात. मला त्याचीच काळजी लागली आहे. पण सायकल सोपवलीत ती मला, म्हणून आधी तिचा हिशेब देते.

ती आली तीच मुळी तीन गोधड्यांत गुंडाळून. स्टँडवरच्या हमालाने टपावरून उतरवताना मला हळूच विचारलं, “बाईजी, अंदर कोई बीमार है क्या?” घरी आणून सोडवली तर काय सांगू! चौदा वर्षांची झाली, तुमच्याबरोबर मांडूचा घाट कितीदा चढली, पण अंगावर धूळ नाही. टायर नव्यासारखे, सीटला फ्लॅनेलचं टोपडं, सोबत तुमच्या हाताची दोन पानी सूचना (‘साखळीला शिलाई मशीनचंच तेल घालावे, खोबरेल घातल्यास मला कळवू नये’) आणि ते जपानी भाषेतलं माहितीपुस्तक, जे तुम्ही चौदा वर्षं जपून ठेवलंत आणि ज्यातलं एक अक्षर आपल्यापैकी कोणाला वाचता येत नाही. ब्याण्णव साली पीथमपूरच्या कारखान्यातला तो जपानी इंजिनिअर मायदेशी जाताना ही तुम्हाला देऊन गेला, तेव्हा धारमध्ये लोक गिअर मोजायला घरी यायचे, ते आठवतं. खंडेनवमीला आजोबांच्या तलवारीशेजारी हिला उभी करून तुम्ही हळदकुंकू वाहायचात. वहिनी म्हणायच्या, तलवारीने निदान कधीकाळी कोणाला घाबरवलं तरी असेल, हिने नुसती माझी देवाची फुलं संपवली.

मी महाराष्ट्र समाजाच्या फळ्यावर कागद लावला : ‘एकाच हाती वापरलेली, निर्व्यसनी घरातील, सुस्वरूप परदेशी सायकल देणे आहे. प्रत्यक्ष येऊन पाहावी.’ ह्यांनी वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, “सायकल विकतेस की उजवतेस?” मी लक्ष दिलं नाही. पण लोकांनी मात्र तसंच मनावर घेतलं बहुधा, कारण पहिलं गिऱ्हाईक सहकुटुंब आलं.

ते म्हणजे कृष्णाजीराव. त्यांचे पणजोबा इथल्या पवार राजांच्या पदरी होते आणि त्यांना स्वतःला अजून तिथून पुरतं बाहेर पडता आलेलं नाही. मी पोहे केले, वर शेव, सोबत जिलबी. त्यांनी सायकलीकडे दुरूनच, पाहुण्यांच्या मुलीकडे पाहावं तसं, अदबीने पाहिलं आणि म्हणाले, “उत्तम. आपण म्हणाल ती किंमत.” आता दादासाहेब, आपल्या घरात आपल्या वस्तूची किंमत आपल्या तोंडाने सांगायची रीत आहे का? आईसाहेबांनी बांगड्या विकल्या तेव्हासुद्धा आकडा सोनाराच्या बायकोकडून बोलवून घेतला होता. मी म्हटलं, “छे, आपण द्याल ती.” ते म्हणाले, “असं कसं, वस्तू आपली.” मी म्हटलं, “आणि मन आपलं.” असं आम्ही अकरापासून दीडपर्यंत एकमेकांना वर चढवत राहिलो. मधे चहा दोनदा झाला. त्यांच्या पत्नीने माझ्या आईचं माहेर विचारलं, मी त्यांच्या आजीचं, आणि त्या दोन्ही घरांची सोयरीक निघाली. मग तर पैशाचं नाव काढणंच अशक्य झालं. उठताना ते म्हणाले, “व्यवहार काय, होईलच.” मी त्यांच्या पत्नीची ओटी भरली. ते गेले. सायकल आहे तिथेच, आणि माझा एक ब्लाउजपीस कमी.

दुसरा अभिषेक म्हणून तरुण. वडील जळगावहून नोकरीला आले, हा इथेच वाढला. त्याला रीतभात आड येत नव्हती. वहीच घेऊन आला होता. “मावशी, प्राइस काय ठेवली?” सात हजार म्हटल्यावर त्याने चाकं फिरवली, ब्रेक दाबले आणि वहीत लिहायला लागला. दर वर्षी दहा टक्के घसारा धरायचा असतो म्हणे. (मी महूच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पण सिस्टरनी आम्हाला घसारा शिकवला नाही, भरतकाम शिकवलं.) दहा वर्षांत सायकल शून्यावर आली, चौदा वर्षांत शून्याच्या खाली गेली. मग मीच त्याला धामनोदच्या ढाब्यावरचा तो ओरखडा दाखवला, ट्रकवाल्याने खाट ओढताना पाडलेला. खरं ते सांगून टाकलेलं बरं. त्याने त्याचेही चारशे वजा केले. शेवटी वही मिटून फार सौजन्याने म्हणाला, “मावशी, गणिताने बघितलं तर तुम्हीच मला काहीतरी द्यायला पाहिजे.” हे आतून ओरडले, “देऊन टाक, हॉलमधली जागा मोकळी होईल!” मी त्याला तिळाच्या चार वड्या दिल्या. तो त्याही मोजूनच घेऊन गेला.

तिसरा अर्पित. ए.बी. रोडवर त्याची व्यायामशाळा आहे (तो जिम म्हणतो), दंड असे की आमच्या दारातून तिरका होऊन आत आला. त्याने किंमत विचारली नाही, रीत पाहिली नाही, सायकलीवरची चादर बाजूला करून जमिनीवरच बसला. “आंटी, ये तो एंटीक पीस है! नऊ हजार देतो. आत्ता देतो.” खिशातून नोटा काढल्यासुद्धा. मी मनात म्हटलं, जमलं. मुलगा दणकट आहे, चालवील, तुमच्या सायकलीला ऊन-वारा लागेल. विचारलं, “रोज चालवशील ना रे?” तो हसला. “चलाएगा कौन, आंटी? दीवार पे टांगेंगे. लायटिंग लावणार, लाल-निळी.”

दादासाहेब, मी चादर पुन्हा नीट घातली.

मला काय आठवलं सांगू? परीक्षेच्या दिवसांत तुम्ही मला भेटायला महूला यायचात, आणि सिस्टर मुलग्यांना फाटकाच्या आत घेत नसत. मग तुम्ही तुमच्या त्या जुन्या काळ्या सायकलीवर फाटकाबाहेर फेऱ्या मारत राहायचात, तासन्‌तास, दर फेरीला घंटी एकदा. मी आत भूगोलाचा पेपर लिहीत असायचे आणि घंटी ऐकू आली की नद्यांची नावं आपोआप आठवायची. एकदा सिस्टरनी विचारलं, हा मुलगा थांबत का नाही? मी म्हटलं, तो थांबत नसतो. त्या वेळी ते खरंही होतं. आता तुम्ही स्वतःच भिंतीकडे तोंड करून बसला आहात, आणि मी तुमच्या सायकलीलाही कोणाच्या भिंतीवर चढवू, हे मला जमेना. मी अर्पितला म्हटलं, विकली. ह्यांनी आतून विचारलं, “कोणाला?” मी म्हटलं, तुमची सुपारी टेबलावर आहे.

तेव्हा आज्ञाभंगाबद्दल क्षमा असावी. सायकल शुक्रवारच्या दुपारच्या बसने धारला येते आहे, गोधड्यांसकट. साखळीला शिलाई मशीनचंच तेल घातलं आहे. वहिनींना नमस्कार.

आपली,
जयवंती

ता. क. मी परवा इंदूरला जाऊन तुमच्या डॉक्टरांना भेटले. (वहिनींना माहीत आहे. त्यांच्यावर चिडू नका, माझ्यावर चिडा, मी लांब आहे.) डॉक्टर म्हणाले, “मैंने मांडू का घाट मना किया, बहनजी, और सीढ़ियाँ. सपाट सड़क पे साइकिल तो दवा है.” म्हणजे घाट बंद म्हटल्याबरोबर तुम्ही रागावून उठलात आणि सगळंच बंद करून घरी आलात. सत्तर वर्षांच्या माणसाला हे शोभत नाही, पण तुम्हाला शोभतं.

पुन्हा ता. क. आता खरी अडचण. ‘विकली’ म्हटल्यावर अर्पित हटेना. कोणाला, कितीला, मैं दस देता हूँ. घाबरून मी सांगून बसले की ती माझ्या भावाचीच आहे, आणि ते रोज सकाळी सात वाजता धारच्या देवीसागर तलावाला तिच्यावर तीन फेऱ्या मारतात. तो म्हणाला, “सत्तर के अंकल? गिअरवाली पे? झूठ!” आणि आता रविवारी, पंधरा तारखेला, तो कॅमेरा घेऊन तुम्हाला बघायला धारला येतो आहे. फोटो खरा निघाला तर सायकलीऐवजी तोच मोठा करून व्यायामशाळेत लावणार आहे, पोरांना लाज वाटावी म्हणून. तेव्हा दादासाहेब, शुक्रवारी संध्याकाळी हवा भरा, शनिवारी एक फेरी मारून पाहा, आणि रविवारी सातला तलावावर असा. पायजम्याला क्लिप लावायला विसरू नका.