जहाजावर बुधवार आला नाही

बाबा,

ह्या वर्षी पितृपक्षात मी रायपूरला नव्हते. पॅसिफिक महासागरात एका जहाजावर होते, आणि तुमची षष्ठी ज्या बुधवारी होती तो बुधवार त्या जहाजावर आलाच नाही. मंगळवारी झोपलो आणि गुरुवारी उठलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, कामचुकाराला निमित्त बरं सापडतं. म्हणून सगळं सावकाश लिहिते आहे, शंकर नगरच्या घरी, दुपारची जेवणं आटोपल्यावर, तुमचे जावई पलीकडच्या खोलीत लवंडले आहेत तोवर.

झालं असं की तुमचा नातू अमेरिकेत आणि नात ऑस्ट्रेलियात. दोन महिने त्याच्याकडे राहून पुढे तिच्याकडे जायचं होतं. नातवानं विमानाऐवजी जहाजाचं तिकीट काढून हातात दिलं आणि म्हणाला, ‘आप लोग कभी आराम ही नहीं करते.’ मराठी सगळं समजतं त्याला, उत्तर हिंदीतच देतो. तुमच्या मांडीवर खेळायचा तेव्हाही तसंच होतं. जावई खूश झाले. वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून, चार वेळा आयतं जेवण मिळेल अशा कुठल्याही गोष्टीला त्यांनी नाही म्हटलेलं मला आठवत नाही. मी पंचांग उघडलं ते तिकीट निघाल्यावर. फोनवर गुरुजी म्हणाले, तिथी हुकली तर सर्वपित्री अमावास्येला करा, चालतं. अमावास्येपर्यंत आम्ही लेकीकडे पोचणार होतो. म्हणजे रीतीप्रमाणे काही अडत नव्हतं, अडत होतं ते माझं. तीस वर्षांत मी तुमची तिथी एकदाही चुकवली नाही, कारण तुम्ही गेलात त्या दुपारी मी तुमच्याजवळ नव्हते. ऑफिसात अर्जंट काम निघालं होतं, असं सगळ्यांना सांगितलं. आईला तेच सांगितलं, जावयांनाही तेच. तेव्हापासून षष्ठीला पहाटे उठते, उडदाचे वडे, कढी, खीर, गवार, अळूची भाजी सगळं एकटी करते, वीस माणसं जेवून जातात, आणि सांजेपर्यंत माझी पाठ भिंतीला टेकत नाही. त्या दिवशी बसायला फुरसत नसते. मला ती नकोच असते, हे तीस वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं.

जहाजावर फुरसतीशिवाय काही नसतं. अमेरिका ते हवाई पाच दिवस पाणी, मग एक दिवस जमीन, आणि हवाई ते फिजी पुन्हा सलग सात दिवस पाणी. पहिल्या पाच दिवसांत मी जहाजावरचा एकही कार्यक्रम सोडला नाही. टॉवेलाचा हत्ती करायला शिकले, नॅपकिनचं कमळ करायला शिकले, देवमाशांवरचं व्याख्यान ऐकलं, गोऱ्या म्हाताऱ्या बायकांबरोबर रांगेत उभी राहून नाचले. जावई एका बाकावर बसून पाहायचे आणि चहा प्यायचे. हवाईनंतर ते सगळं दुसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा मात्र माझा जीव घाबरायला लागला. त्याच माणसांची तीच गर्दी त्याच हत्तीसाठी. मग मी आमच्या खोलीतले कपडे काढून पुन्हा घड्या घातल्या, मोरी घासली, आरसा पुसला. खोली साफ करणारी फिलिपिनो बाई विचारायला आली की माझ्या कामात काही चूक झाली का. तिला समजावताना माझं इंग्रजी संपलं. जावई म्हणाले, ‘तू तिची नोकरी घालवून राहिली. बस न आता चूपचाप.’

त्यांनी ‘बस’ म्हटलं आणि मला तुमचा गार्डाचा डबा आठवला. मी अकरा वर्षांची. आई तिच्या माहेरी अकोल्याला गेलेली, पुरानी बस्तीतल्या घरी मला ठेवायला कुणी नाही, म्हणून तुम्ही नियम मोडून मला मालगाडीच्या शेपटीच्या त्या डब्यात बसवलं. आयुष्यात तुम्ही मोडलेला बहुधा तो एकच नियम. रायपूर सोडून दोन-तीन स्टेशनं गेल्यावर गाडी बाजूच्या रुळावर लावली आणि ती तिथंच उभी राहिली. उन्हाचे दिवस, डबा तव्यासारखा तापलेला, आजूबाजूला नुसती उजाड शेतं. तुम्ही कंदिलाची काच पुसली. वहीत काहीतरी लिहिलं. दाढी केली, पितळी भांड्यातल्या एवढ्याशा पाण्यात. अर्धी पोळी आणि कांदा खाल्ला, अर्धी मला दिली. मग मांडीवर हात ठेवून बाकावर बसलात ते बसलातच. मी दर थोड्या वेळानं विचारते, गाडी कधी सुटेल? तुम्ही सांगता, सिग्नल झाल्यावर. मी खाली उतरते, खडी गोळा करते, पुन्हा वर चढते, पुन्हा विचारते. शेवटी तुम्ही माझं मनगट धरून मला बाकावर बसवता. ‘काहून सतरा खेपा विचारून राहिली? सुटन तवा सुटन. बस इथं माह्याजवळ, अन् काही करू नको.’ मी रडले. तुम्ही समजूत काढली नाहीत, ओरडलाही नाहीत. गाडी सुटली तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि मी एवढा वेळ रडण्यात घालवला ह्याचं तुम्हाला जरा वाईट वाटलं असावं, कारण हिरवी झेंडी तुम्ही मला धरू दिली.

समुद्रावरचे दिवस काढायची ज्याची त्याची रीत असते, आणि मी सगळ्यांच्या पाहून घेतल्या. काही जण सकाळपासून पत्ते खेळतात. काही जण डेकवर गोल गोल चालतात आणि हातातल्या यंत्राकडे पाहून समाधानानं थांबतात. पुष्कळ जण खातात. आमच्या टेबलावर एक ऑस्ट्रेलियन विधवा बाई होती, ती हा प्रवास दरवर्षी करते. दिवसाला एकच काम, असा तिचा नेम. सोमवारी केस धुणं, मंगळवारी एक चिठ्ठी लिहिणं. बाकी दिवसभर खुर्चीत बसून पाणी पाहायचं. मी विचारलं, कंटाळा येत नाही? ती म्हणाली, येतो की, पण तो चौथ्या दिवशी जातो. भर दुपारी कप्तान कर्ण्यावरून सांगायचा की खाली पाणी किती खोल आहे आणि सगळ्यात जवळची जमीन किती लांब. जावई ते डायरीत उतरवून घ्यायचे, का ते त्यांनाच ठाऊक. वर एक दिवसाआड घड्याळ एक तास मागं करायचं. म्हणजे ज्याचा दिवस आधीच सरत नाही त्याला आणखी एक तास फुकट. मला ती शिक्षा वाटायची. जावई त्या तासाला झोप काढायचे.

वार कळावा म्हणून जहाजाच्या लिफ्टमध्ये पायाखाली एक गालिचा असतो, त्यावर वाराचं नाव विणलेलं. रोज सकाळी तो बदलतात. लोक आत शिरले की खाली पाहतात आणि ‘अच्छा, आज शनिवार’ अशा चेहऱ्यानं बाहेर पडतात. सोमवारी खोलीत एक कागद आला. त्यात लिहिलं होतं की आपण तारीख बदलणारी रेषा ओलांडतो आहोत, तेव्हा मंगळवारनंतर गुरुवार येईल. मी तो तीनदा वाचला. कागदावर एखादा दिवस कमी असावा ही गोष्ट मी आयुष्यभर सरकारी ऑफिसात पाहिली आहे, पण तिथं तो रजेच्या अर्जात तरी सापडतो. जावयांनी संत्रं हातात धरून मला पृथ्वी समजावली. म्हणाले, आपल्या मंगळवारीच रायपूरला बुधवार लागलेला असतो, तुझी षष्ठी तिकडं व्यवस्थित येऊन जाईल, तू इथं काही करायची गरज नाही. मग संत्रं सोलून खाल्लं.

मंगळवारचा दिवस मी कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. जेवणघरात जाऊन विचारलं, मला थोडी उडदाची डाळ भिजवायला मिळेल का. ते हसून, फार आदरानं, नाही म्हणाले. ताटात भात वाढून घेतला आणि डेकवर नेला. तिथं कावळा कुठला? हवाईनंतर एक पाखरू दिसलं नव्हतं. भात मीच खाल्ला. गुरुवारी सकाळी लिफ्टमध्ये गुरुवारचा गालिचा होता आणि कुणाला काही झालेलं नव्हतं. आम्ही दोघं डेकवर सावलीतल्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. समुद्र इतका सपाट की त्याच्याकडे पाहून जहाज चालतं आहे की उभं, कळत नव्हतं. मला उठावंसं वाटलं आणि उठून जाण्यासारखं काहीच आठवेना. किती वेळ बसलो कोण जाणे, घड्याळ खोलीत ठेवलं होतं. जावयांनी मधेच विचारलं, अगदी सहज, तीस वर्षांत पहिल्यांदा.

‘त्या दिवशी ऑफिसात तुह्यं एवढं काय अर्जंट होतं गं?’

मी म्हटलं, ‘ऑफिसात गेलीच नव्हती मी. पंडरीत होती.’

ते पाण्याकडेच पाहत राहिले. मग मी सगळं सांगितलं. तुम्हालाही ते तसंच सांगते. तीन दिवस मी तुमच्या खाटेशी बसले होते. तुम्ही बोलत नव्हता, डोळे मिटलेले, श्वास तेवढा चालू. डॉक्टर म्हणाले होते, आज किंवा उद्या, सांगता येत नाही. आई तुमचे तळपाय चोळायची, तिला ते काम होतं. मला काहीच नव्हतं. तुमच्या छातीकडे पाहायचं आणि पुढचा श्वास यायची वाट बघायची. चौथ्या दिवशी दुपारी मी आईला म्हटलं, अर्जंट फाइल आहे, दोन तासांत येते. ती म्हणाली, ‘जा बाई, मी हावो.’ बाहेर सायकल रिक्षा मिळाली. रिक्षावाल्यानं कुठं म्हणून विचारल्यावर माझ्या तोंडून पंडरीच्या कापडबाजाराचं नाव निघालं. खरंच बाबा, निघताना ठरवलेलं नव्हतं. साड्यांच्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसले. दुकानदार ‘दीदी, ये देखिए’ म्हणत एकेक साडी उलगडत होता आणि मी दीड तास तिथं न हलता बसले. तिथं मला बसता आलं, त्याचं मला फार वाईट वाटतं. परत आले तर दारात चपलाच चपला. गल्लीतल्या कुणीतरी माझा हात धरला आणि आईनं आतून विचारलं, झालं का काम?

मला वाटलं जावई आता समजूत घालतील किंवा रागावतील, दोन्हीची तयारी केली.

‘मग साडी घेतली का?’ त्यांनी विचारलं.

‘नाही.’

‘हव,’ ते म्हणाले, आणि दोघांसाठी चहा आणायला गेले. आम्ही चहा पीत जेवणाच्या वेळेपर्यंत तिथंच बसलो. त्या ऑस्ट्रेलियन बाईनं लांबून मला हात केला. मला कंटाळा येत नव्हता, एवढंच मी सांगू शकते.

पुढे फिजी आलं, मग आणखी थोडं पाणी, मग नात बंदरावर घ्यायला आली. अमावास्येला तिच्या अंगणात मी वडे तळले, पान वाढलं आणि दगडावर ठेवलं. तिथं काळेपांढरे मोठे पक्षी असतात. त्यातले तीन आले, त्यांनी वडे उचलले आणि एकमेकांशी भांडले. नात म्हणाली, हेच इकडचे कावळे समज. जावई म्हणाले, बाबांना चालतंय. स्वयंपाक ह्या खेपेला घरच्यांपुरताच केला होता, त्यामुळे नंतर वेळ पुष्कळ उरला. पायरीवर बसून होते.

पुढच्या षष्ठीला हे पत्र तुमच्या पानाजवळ ठेवावं, असं लिहायला घेतलं तेव्हा मनात होतं. ठेवणार नाही. जावयांच्या हाती पडेल आणि ते वाचतील. डेकवर त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. साडी घेतली होती, बाबा. फिक्या हिरव्या रंगाची, बारीक काठाची. तुमच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा ती माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती. महिनाभर ऑफिसच्या कपाटात ठेवली, मग घरी आणली. ती मी कधी नेसले नाही असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. नेसले. पुष्कळ वर्षं नेसले. मला फार शोभायची ती.