फोन वाजू दे, उचलू नकोस

डेबोरा,

मी रामवाडीच्या बूथवर जातोय. तिथून लीयाला सांगतो, मग ती रोह्याहून आपल्या कॉम्प्युटरला फोन लावेल. वाजला तर उचलू नकोस, मोडेमच घेईल. तो थोडा किंचाळतो, त्याला इलाज नाही.

शुक्रवारी शब्बाथ लागायच्या आधी, विसाव्याच्या दिवशी फोन वाजू नये म्हणून, नेहमीसारखी वायर काढताना माझ्या हातून मोडेम खाली पडला. तेव्हापासून लीयाला रोह्यात बसून, फोनवरून आपल्या कॉम्प्युटरवर माझं पुस्तक टाइप करता येईना. "पप्पा, तो गेला कामातून. मी कॉम्प्युटरच इकडे घेऊन येते," म्हणाली. मला वाटलं, संपलं, पडद्यापुरतं का होईना, तिचं या घरात येणं होतं, आता तेवढंही राहिलं नाही. पण आज माहितीपुस्तिका पुन्हा वाचली. मोडेम धडधाकट आहे. परत लावताना वायर मीच शेजारच्या भोकात खोचली होती. बहुतेक. आता बदलली आहे.

निमिषशी लग्न केल्यापासून लीयाचा फोन तू उचलत नाहीस. त्यावर मी कधी बोललो नाही, आजही बोलत नाही. फक्त खुर्ची ओढून पडद्यासमोर बस. त्यावरचा बाण आपोआप हलला तर घाबरू नकोस, ती लीया आहे. मग अक्षरं उमटतील. समोर मम्मी बसली आहे, असं मी तिला सांगणार आहे.

सॅमसन