पंखात कापूस नसतो

माय, हे तुला सांगितलं असतं तर तू आधी पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "जमिनीवर जागा नाई का तुमाले?" धाकट्याला विमान बांधायचं आहे. खरंखुरं, एका माणसाचं, हलकं. सगळे भाग पेट्यांतून येतात, जोडायचे आपण. अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा आणि वरून कापड. तो बाहेरगावी राहून उडवायला शिकूनही आला. बायको गेल्यापासून अकोल्याच्या वर्कशॉपमध्ये तो नुसता बसून असायचा, गिऱ्हाईक आलं तरी उठायचा नाही. आता अर्धा शेड त्यानं पंखांसाठी झाडून मोकळा केलाय. रोज सकाळी मला अमरावतीला फोन करतो, "ताई, हो म्हन ना वो. तू शिवशीन तरच पेट्या मागवतो."

कारण काम शिवायचंच आहे. पंखाच्या आडव्या पट्ट्यांना कापड बांधायचं तर हातभर लांब सुई वरून आरपार खाली घालतात, खालून वर काढतात, मेण लावलेला दोरा ओढून गाठ मारतात. दर चार बोटांवर एक. त्यानं हे सांगितलं आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. तू भल्या सकाळी भाकरी उरकून चूल विझवतेस, तिच्यावर ओलं पोतं टाकतेस आणि खाली गिऱ्हाइकाची गादी शिवायला पसरतेस, कारण घरात तेवढी लांबरुंद जागा दुसरी नाही. मी कड उचलून धरते, तू सुई घालतेस. दुपारच्या भाजीत हमखास कापसाचा तंतू निघतो आणि धाकटा तो ताटाच्या काठावर ठेवून सगळ्यांना दाखवतो. "आज कच्ची गाठ मार. कापूस बसू दे. उद्या ओढू," हे तर तू झोपेतही म्हणत असशील. एकदा होस्टेलच्या गाद्या होत्या आणि मला मैत्रिणीकडे जायची घाई होती. मी पहिल्याच दिवशी सगळ्या गाठी पक्क्या मारून टाकल्या. तू कात्रीनं एकेक कापलीस, पुन्हा माझ्याकडून बांधून घेतलीस आणि म्हणालीस, "डोये मीट. आता हात फिरव. कोन्ती ढिली हाय, समजते का?" समजलं होतं, माय. प्रत्येक गाठ समजली होती.

मागच्या रविवारी मी अकोल्याला गेले. सरावासाठी विक्रेत्यानं पंखाचा एक तुकडा पाठवलाय, दाराच्या फळीएवढा. दुपारभर बसून मी वीस गाठी मारल्या. धाकटा चहा घेऊन आला आणि वाकून बघायला लागला. "ताई, ढिल्या काहून ठेवल्या?"

"उद्या ओढू," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "याच्यात कापूस कुठी हाय वो?"

आम्ही इतके हसलो की त्याला चहा खाली ठेवावा लागला. किती दिवसांनी हसला तो. मी सगळ्या गाठी कापल्या, नव्यानं ओढून बांधल्या, आणि मग सवयीनं डोळे मिटून हात फिरवला. काहीच कळलं नाही. रक्तातल्या साखरेनं माझी बोटं बधिर केलीत, वर्ष झालं. तव्याचा चटका बसतो तो मला फोड आल्यावर दिसतो. पण हे शिवण्याच्या आड येईल असं खरंच डोक्यात आलं नव्हतं. डोळे उघडून एकेक दोरा बघितला तर दोन गाठी सरकलेल्या. धाकट्यानं वरून तळवा फिरवला, त्याला नेमक्या त्या लागल्या नाहीत. "मायच्या हातचं काम हाय," तो म्हणाला.

पंखाला अशा शेकडो गाठी लागतात, आणि त्यांच्या भरवशावर तो वर बसणार. तेव्हा मी नाही म्हणणार आहे. बोटांचं सांगणार नाही. सांगितलं तर म्हणेल, "मंग मी बांधतो," आणि त्याला तर कशाचा धीर नाही. विमान उडवायला लागणाऱ्या दिल्लीच्या परवानगीची कटकट सांगेन, आपल्या वयाचं सांगेन. चार दिवस तो मनधरणी करेल, मग पुन्हा त्या शेडमध्ये जाऊन बसेल. तो कसा बसेल तेही मला दिसतंय. त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही, माय. तू असतीस तर तुझ्याकडेही नसता.

हे पत्र मी कुठे टाकणार आहे? वहीतच राहील. म्हणून एक दुरुस्त करते. धाकट्याला धीर नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. ढिली गाठ कशी चाचपायची ते दोन दिवस शिकवलं तर तो नीट बांधेल, आणि माझ्याशिवाय उडेल. ते मला सोसणार नाही.