गणराजदादाचा दिवा आणि माझा लेखी अभिप्राय

मोशी,
मंगळवार, संध्याकाळ

तीर्थस्वरूप विजयश्रीआत्या यांना मैत्रीचा वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात खुर्चीवर बसून लिहिते आहे. दिवाळीत निघायच्या गडबडीत एक नमस्कार राहिला होता, तो इथे धरावा.)

तुमचं पत्र पोचलं. गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. मामांची साखर ‘बरी आहे’ असं लिहिलंत. पुढच्या वेळी आकडा कळवावा, ‘बरी’वरून काही समजत नाही. माझी प्रकृती ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, वजन चोपन्न किलो आहे. माझ्या लग्नाबद्दल विचारलंत, त्या विषयात मागच्या पत्रानंतर काही बदल नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या गणराजदादाला नाशिक सोडून परत आमच्या कंपनीत यायचं आहे, मुलीकडच्यांनी मुलगा पुण्याच्या बाजूला हवा अशी अट घातली आहे, रविवारी बैठक आहे आणि त्याआधी नोकरी पक्की व्हायला हवी, म्हणून मी मालकांकडे शब्द टाकावा, असं तुम्ही लिहिलंत. आमचे मालक सोपानराव इथल्या निघोजे गावचेच आहेत. कंपनी त्यांच्या जुन्या शेतावर उभी आहे. त्यांनीही मला सोमवारी बोलावून घेतलं. गणराजचा फोन आला होता म्हणाले, आणि तू त्याच्या जागेवर बसतीस, त्याचं काम तूच बघितलंयस, तवा लिहून दे कसं हाय ते. अभिप्राय उद्या सकाळी द्यायचा आहे. तो कसा असेल हे तुम्हाला आधी कळावं, म्हणून घडलं ते क्रमानं लिहिते.

आम्ही बेअरिंग दाबून बसवणाऱ्या प्रेस बनवतो. प्रेसला एक टचस्क्रीन असतो, त्यावर बटणं आणि दिवे असतात, आणि ते पडदे संगणकावर तयार करणं हे माझं काम. (तुम्ही शेजारी सांगता तसं ‘कंपनीचं सगळं कॉम्प्युटर बघणं’ हे माझं काम नाही.) दिवे, बटणं तयार मिळतात. ओढून आणायची, पडद्यावर ठेवायची. जगभर लोक तीच वापरतात. गणराजदादाला ती पसंत नव्हती. त्याने स्वतःचा दिवा तयार केला आणि त्याला ‘गणदीप फायनल दोन’ असं नाव दिलं. दिसायला चांगला आहे, हे मी अभिप्रायात पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. एका पडद्यावर असे चौदा दिवे आहेत.

मी जूनमध्ये त्याच्या जागेवर रुजू झाले आणि तिसऱ्या दिवशी बदल करायला हा पडदा उघडला. संगणक गोठला. मग ज्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही पडदे बनवतो ते पूर्णच बंद झालं. चूक झाली वगैरे काही संदेश नाही. माणूस न सांगता मांडवातून निघून जातो तसं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. त्या दिवशी मी एकवीस वेळा उघडलं, एकवीस नोंदी केल्या.

कारणं सर्वांनी सुचवली. मी सॉफ्टवेअर काढून नव्यानं टाकलं, दोनदा. मेमरी बदलली. आमचे वायरमन शफीभाई, पॅनेलचं सगळं काम बघतात, त्यांना अर्थिंगचा संशय होता. त्यांनी तपासलं तर ऑफिसच्या सॉकेटला अर्थिंग खरंच नव्हतं, म्हणजे गेली चार वर्षं कुणालाही शॉक बसू शकला असता. ते त्यांनी करून दिलं. सॉफ्टवेअर बंद पडत राहिलं. सोपानरावांनी लॅपटॉपला लिंबू-मिरची बांधली. ती पंख्याच्या जाळीवर येत होती म्हणून मी दोन बोटं डावीकडे सरकवली. फरक नाही. (दोन्ही उपाय नोंदीत आहेत, तारखेसह.)

मग मी घड्याळ लावलं. पडदा उघडल्यापासून सॉफ्टवेअर बंद होईपर्यंत दर वेळी बरोबर साठ सेकंद लागत होते. आत्या, बिघाड इतका वक्तशीर नसतो. कधी चाळीसला येईल, कधी येणारही नाही. बरोबर साठ म्हणजे हा बिघाड नव्हता, निर्णय होता, आणि तो कुणीतरी घेतलेला होता. पडद्याची फाइल मी नुसता मजकूर म्हणून उघडली आणि त्यातून एकेक वस्तू काढत गेले. चौदाही दिवे काढल्यावर सॉफ्टवेअर मुकाट उघडं राहिलं. एक दिवा परत ठेवला, साठ सेकंदांत बंद.

इथे एक गोष्ट समजावून घ्यावी लागेल. आपण पडद्याचं चित्र मांडत असतो, यंत्र तर शेडमध्ये बंद असतं, असं आपल्याला वाटतं. पण चित्रात ठेवलेला दिवा नुसतं चित्र नसतो. तो तिथेही जिवंत असतो आणि आपलं काम सुरू करतो. म्हणजे कागदावर चूल काढावी आणि कागद तापावा. म्हणून चांगला दिवा आधी बघतो की आपण चित्रात आहोत की यंत्रात, आणि चित्रात असला तर गप्प बसतो. त्याला एक ओळ लागते. गणदीपमध्ये ती ओळ नाही.

तो साठ सेकंद करतो काय, हे मात्र कळत नव्हतं. दिव्याची मूळ प्रत दादाकडे आहे, आमच्याकडे फक्त चालणारी फाइल, आतलं वाचता न येणारी. मी त्याला चार वेळा विचारलं. चारही वेळा त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं.

उलगडा शफीभाईंमुळे झाला. त्यांना वायरिंगचा नकाशा मोठा करून बघायचा होता, म्हणून त्यांनी शेडमधला एक जादा मॉनिटर आणून माझ्या लॅपटॉपला जोडला. त्याच वेळी मी पडदा उघडला होता. जादा मॉनिटरवर लाल अक्षरांत प्रश्न आला: यंत्राची पूजा झाली का? खाली दोन बटणं, हो आणि नाही, आणि शेजारी उलटे मोजणारे सेकंद.

झालं होतं ते असं. आमच्याकडे पूजा करून नारळ फोडल्याशिवाय नवं यंत्र सुरू करत नाहीत. दोन वर्षांपूर्वी गिऱ्हाइकाच्या माणसांनी एक प्रेस तशीच चालू केली आणि पहिल्याच दिवशी तिचा पट्टा तुटला. तेव्हा सोपानरावांनी दादाला सांगितलं की असं काहीतरी कर की पुन्हा हे व्हायला नको. दादाने ते दिव्यात केलं. प्रश्न यंत्राच्या वरच्या, दुसऱ्या मॉनिटरवर येतो, कारण तिथे सोपानराव उभे असतात. साठ सेकंदांत उत्तर आलं नाही तर दिवा ज्या सॉफ्टवेअरमध्ये असेल ते सॉफ्टवेअर बंद करतो. माझ्या टेबलावर दुसरा मॉनिटर नव्हता, त्यामुळे प्रश्न माझ्या पडद्याच्या उजवीकडे, हवेत विचारला जात होता. आणि दिवा होता माझ्या पडदे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून तो तेच बंद करत होता. त्याच्या बाजूनं यात काहीही चुकत नव्हतं.

मी ‘हो’ दाबलं. दुसऱ्या दिव्यानं तोच प्रश्न विचारला. चौदा वेळा ‘हो’ दाबावं लागणार हे माझ्या लक्षात आलं, तेवढ्यात मागून सोपानराव म्हणाले, “पूजा कवा झाली?”

मी म्हटलं, हे यंत्र नाही, नुसतं चित्र आहे.

“मघाशी तूच शफीला सांगत हुतीस, त्यो जित्ता हाय म्हनून.”

मी म्हटलं, तांत्रिक अर्थानं.

“जित्ता हाय म्हनूनच इचारतोय. मग खोटं कशाला दाबायचं?”

त्यांचा मुद्दा माझ्याच स्पष्टीकरणावर उभा होता आणि नीट उभा होता. पडदा जितक्या वेळा उघडेल तितके नारळ, असं त्यांनी ठरवलं. मी दिवसातून सरासरी नऊ वेळा पडदा उघडते. शेवटी शफीभाईंनी तडजोड केली. “दिवे चौदा असू द्या मालक, मेन स्विच एकच आहे ना. दिवसाला एक नारळ बस झाला.” ते मान्य झालं.

तेव्हापासून रोज सकाळी साडेनऊला लॅपटॉपसमोर नारळ फोडला जातो, मी चौदा वेळा ‘हो’ दाबते आणि संध्याकाळपर्यंत तो पडदा बंद करत नाही. पाचव्या दिवशी नारळाचं पाणी कीबोर्डमध्ये गेलं. या सगळ्या काळातला हा एकच बिघाड, ज्याचं कारण पहिल्या मिनिटात सापडलं. कॅंटीनमध्ये तेव्हापासून प्रत्येक भाजीत खोबरं असतं. शफीभाई नारळ स्वतः निवडून आणतात, कानाशी हलवून.

तर आत्या, अभिप्रायात मी दादाविरुद्ध एक शब्दही लिहिलेला नाही. जे घडलं तेवढंच लिहिलं आहे, वेळांसह, आणि शेवटी ‘निर्णय आपण घ्यावा’ असं म्हटलं आहे. वाचून सोपानराव काय करतील याचा मला अंदाज आहे. तुम्ही रविवारची बैठक आठवडाभर पुढे ढकलता आली तर बघावं. वाईट वाटून घेऊ नये.

घरात मोठ्यांना नमस्कार सांगावा. लहानांना तुम्हाला योग्य वाटेल ते.

तुमची भाची,
मैत्री

ता. क. पाकीट आणायचं राहिलं आणि बुधवार झाला, म्हणून पुढचं कळवते. सकाळी अभिप्राय दिला. साडेतीन पानं झाली. सोपानरावांचा चष्मा घरी होता, म्हणून त्यांनी तो शफीभाईंकडून सर्वांसमोर मोठ्यानं वाचून घेतला. साठ सेकंदांचा भाग दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, “म्हंजे पोरगं नाशकात जाऊन बसलं, तरी हितं पूजेबिगर कुनाला हात लावू दिला न्हाई. तुला बी न्हाई. असाच मानूस पायजे.” नोकरी पक्की आहे. बैठक रविवारीच ठेवावी. अभिनंदन.

ता. क. दुसरा. दादा येत्या सोमवारपासून आमच्या सॉफ्टवेअर विभागाचा प्रमुख आहे. विभागात आम्ही दोघंच. नव्या यंत्रावरच्या दिव्यांबरोबर आता सगळी बटणंही त्यानेच तयार करायची आहेत, त्रेसष्ट आहेत. ती कशी वागायला हवीत याचा नमुना म्हणून त्याला माझा अभिप्राय दिला जाणार आहे.

ता. क. तिसरा. एक विनंती आहे. नाशिकची त्याची जागा आता रिकामी होईल. ती भरली आहे का आणि अर्ज कुणाच्या नावानं करायचा, एवढं त्याला विचारून शनिवारपर्यंत कळवावं. मी विचारते आहे हे सांगू नये. तसंच तिथे त्याने स्वतः तयार केलेलं काय काय ठेवलं आहे, त्याची यादी मिळाली तर अर्ज करायचा की नाही, हे मला आधी ठरवता येईल.