एकाच टोपीची लोकर

प्रिय दोरसाफ,

चहाच्या ताटलीखाली कागद दिसला म्हणून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. तुझ्या दारापासून माझी बैठक चार पावलांवर, तरी मी लिहीत बसलेय, कारण या घराच्या भिंती नावालाच आहेत. बोललेलं तुझ्या आईला ऐकू जातं, आईकडून तुझ्या बापाला, हेदीला, आणि माझा हा लेक न्हाव्याच्या खुर्चीत बसला की सगळ्या अरियाना गावाला. लिहिलेलं मात्र या घरात कोणी वाचत नाही, विजेचं बिल सोडलं तर. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. दोन वर्षं शाळेत गेले, तिसऱ्या वर्षी भाऊ झाला आणि मला त्याच्यापाशी बसवलं. एवढं लिहायला मला तीन दुपारी लागल्यात. कागद तुझ्या भावाच्या, बिलेलच्या, जुन्या वहीचा आहे; मागची गणितं बघू नकोस, सगळी चुकलेली आहेत.

मागच्या थंडीत एकदा तू दार उघडून बाहेर आलीस, कानावरचं ते यंत्र गळ्यात लोंबतंय, हातात सूर्यफुलाच्या बियांची बशी. माझ्या पायाशी बसलीस आणि म्हणालीस, "ओम्मी, सकाळपासून एक फोन नाही. छताच्या भेगा मोजून झाल्या, नखं खाऊन झाली. तुझी लोकर आली नाही की तू काय करायचीस गं?" मी म्हटलं, सासूचे दात मोजायचे, दर खेपेला एक कमी भरायचा. तू हसलीस, बिया फोडल्यास, आणि आत घंटी वाजली तशी टरफलं माझ्या मांडीवर टाकून पळालीस. माझं ते उत्तर खोटं होतं. माझ्या सासूचे, लल्ला खदूजाचे, दात मरेपर्यंत शाबूत होते. खरं उत्तर आज देते.

माझं काम तू खेळणं म्हणून पाहिलंस. मी विणलेली पांढरी टोपी तू लहानपणी डोक्यावर घ्यायचीस तर ती खांद्यापर्यंत यायची. ती तशीच मोठी विणायची असते. मग गिरणीवर जाते, तिथे गरम पाण्यात साबण घालून तुडवतात, आटून निम्मी होते, मग लाल रंगवतात. पुरुष जी शाशिया घालून मिरवतात तिचा सगळा दिमाख त्या तुडवण्यानंतरचा. आमच्या वाटणीला पांढरी लोकर, सुया आणि घरचा कोपरा. आठवड्याला, दुपारी घर झोपलेलं असताना, गाडीवाला यायचा, लोकर टाकायचा, टोप्या न्यायचा. माल ट्यूनिसच्या बाजारातल्या सी मेहरेझचा. त्याला मी कामाच्या पहिल्या नऊ वर्षांत एकदा पाहिला होता. तुला फोनवर बसवणाऱ्या त्या फ्रान्समधल्या साहेबाला तू तेवढाही पाहिलेला नाहीस.

गाडी यायची नाही तेव्हा कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. उन्हाळ्यात टोप्यांना गिऱ्हाईक नसायचं, तो तर नुसता बसून काढायचा. मी मसूर निवडायचे, मग खडे परत त्यात टाकून पुन्हा निवडायचे. अंगणातल्या लाद्या उभ्या मोजून झाल्या की आडव्या. समोरची बाई दुपारपर्यंत किती वेळा दार उघडून गल्लीत डोकावते यावर माझी माझ्याशीच पैज, आणि मीच हरायचे, कारण ती भवानी एकदाही माझ्या अंदाजाइतकं थोडं डोकावली नाही. शेवटची टोपी उरली की दिवसाला एकच फेरी विणायची, पाहुण्यांसमोर डब्यातली शेवटची मिठाई पुरवावी तशी. कोणी विचारलं तर तोंडावर सांगायचे, कंटाळलेय. लाज कसली त्यात. गाडी यायचीच होती.

पण कोपरा सुटायचा नाही. जिन्याखाली, खिडकीशी, एका माणसाची गादी मावेल एवढा. लल्ला खदूजा मला दिवसातून चाळीस वेळा हाक मारायची, पाणी आण, पीठ मळ, तिचे पाय दाब, तिच्या बहिणीचे पाय दाब. हातात सुया दिसल्या की मात्र थांबायची. "बाजाराचं काम चाललंय," असं शेजारणीला सांगायची, जशी काही तीच विणतेय. तुझे आजोबा सी तय्यबसुद्धा त्या कोपऱ्याशी येताना आधी खाकरायचे. अख्ख्या घरात मला कोणी खाकरून हाक मारावी अशी तेवढीच जागा. तुझा बाप पोटात होता तेव्हा मी तिथेच बसून त्याच्याशी बोलायचे, आणि काय बोलतेस म्हणून विचारायला कोणी यायचं नाही.

एका वर्षी उन्हाळा संपला आणि गाडी आली नाही. ऑलिव्ह उतरवून झाले, तेल निघालं, तरी नाही. बाप्यांनी टोप्या सोडल्या होत्या. बोडक्याने फिरलं की माणूस नव्या जमान्याचा दिसायचा. आम्हा बायकांना हे कोणी कळवलं नाही, कोण कळवणार. माझ्याकडे एका टोपीची लोकर होती. ती विणली. सासूने अंगणातून पाहिलं, बरं वाटलं तिला. संध्याकाळी सगळ्यांकडे पाठ करून मी ती उसवली आणि दुसऱ्या दिवशी परत विणायला घेतली. सात महिने मी एकच टोपी विणली, दोरसाफ. मजुरीचा हिशोब वर्षातून एकदा, मोठ्या ईदच्या आधी व्हायचा, तोवर कोणाला कळायचं काही कारण नव्हतं. आणि त्या सात महिन्यांत मला एकदाही कंटाळा आला नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

ईदच्या आधी गाडीवाला एकदाचा उगवला, रिकामा, उरलेल्या टोप्या गोळा करायला. मी दिली ती एक. पंधरा दिवसांनी सी मेहरेझ स्वतः आला आणि अंगणात उभा राहिला. टोपी त्याच्या हातात होती. टोपी कसली, मासे धरायचं जाळं. पाण्यात घालून तुडवली तशी लोकर सुटून आली होती. तो रागावला असता तर मी तोंड दिलं असतं, माझं तोंड तुला ठाऊक आहे. पण तो हळू आवाजात म्हणाला, "पोरी, ही लोकर किती वेळा विणलीस?" लल्ला खदूजा पिठाच्या हातांनी माझ्या मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, "मग सात महिने ही तिथे बसून करत काय होती?"

दुसऱ्या दिवशी उठले तर कोपऱ्यात तेलाचे रांजण ठेवलेले. ओरडणं नाही, मारणं नाही, नुसते रांजण. तीन वर्षांनी लोकर परत यायला लागली, थोडीथोडी, लिबियाकडची मागणी निघाली म्हणून. ती मी स्वयंपाकघरात बसून विणली, धुरात, एक कान हाकेकडे ठेवून, पुढची सगळी वर्षं. सासू गेली तरी रांजण तिथेच राहिले. मला हलवता आले असते. पण हलवून तिथे बसून करायचं काय, हे तोवर मला आठवेनासं झालं होतं.

आता तुझं. रमझान संपला आणि तुझ्या बशीत टरफलं दिसेनाशी झाली. आधी मला वाटलं, पोटाचं काही असेल. मग लक्षात आलं, तू बाहेरच येत नाहीस, आणि कंटाळा आला म्हणायची थांबली आहेस. तेव्हा मी कान दिला. मला फ्रेंच येत नाही, पण आयुष्यभर फेऱ्या मोजलेल्या बाईला तीच फेरी परत आली की कळतं. सकाळी दहाला ती मादाम रुसेल. तिचा हीटर बंद पडलेला असतो, एवढा शब्द मलाही समजतो. तू काहीतरी सांगतेस, हसतेस, बटणं बडवतेस, परत हसतेस. बुधवारी तेच, गुरुवारी तेच, हसायची जागाही तीच. बाहेर जून तापलाय आणि त्या बाईला अजून हीटर हवाय. माझ्या हातातली बांगडी मी तुझ्या मनगटात घातली होती, ती आता तिथे नाही, आणि महिनाअखेरीला आईच्या हातात पगार मात्र पडतो. तरी मी स्वतःला सांगत होते, म्हातारे, तुझे कान गेले. मग गेल्या आठवड्यातली मंगळवारची दुपार आली. वीज गेली. फ्रिज गप्प झाला, तुझे फोन ज्यातून येतात त्या त्याच्यावरच्या इंटरनेटच्या डब्याचे हिरवे दिवे विझले, गल्लीत पोरं ओरडली. आणि आत तू मादाम रुसेलला सांगत होतीस की जरा थांबा. तासभर सांगत होतीस. घरात मी एकटी होते म्हणून निभावलं. मी उठून तुझ्या दाराशी आले, कडीवर हात ठेवला. मग परत येऊन बसले. सी मेहरेझचा तो प्रश्न तुला विचारणं माझ्याच्याने झालं नाही.

हे तू का करतेस ते मला कोणी सांगायला नको. बिलेलचं लग्न सप्टेंबरात. मुलीकडची माणसं येऊन भिंती ठोकून बघून गेली, खोली कुठली म्हणून. हेदीने सांगितलं, दोरसाफचं काम आहे, त्या खोलीला कोणी हात लावायचा नाही, बिलेल गच्चीवर बांधेल. तुझा भाऊ गच्चीवर बांधणार. त्याच्याने अजून दाराची कडी दुरुस्त झालेली नाही. तो तुझ्या खोलीकडे कसा बघतो ते मी इथे बसून रोज बघते, आणि तुझी आई रफीकाही आता बघायला लागली आहे. काल तिने मला विचारलं, दोरसाफचं काम चाललंय ना नीट, हल्ली फार गप्प असते. मी म्हटलं, गप्प कुठली, दिवसभर बडबडते, मला डुलकी लागू देत नाही. ती गेली, पण जाताना तुझ्या दाराकडे बघत गेली. कळलं तर या घरातही कोणी ओरडणार नाही. तुझी गादी माझ्या बैठकीशेजारी येऊन पडेल, भाकरीचं पीठ मळायला हाक येईल, आणि मग रोज येईल.

नवं काम शोध म्हणून मी सांगत नाही. तू शोधतेस, ते मला ऐकू येतं. मादामसाठी बडवतेस ती बटणं वेगळी आणि संध्याकाळी एकेक करून दाबतेस ती वेगळी. त्यानंतरची शांतताही ऐकू येते, आणि ती दर आठवड्याला लांबत चालली आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, ही लोकर तुझ्या चुकीने थांबलेली नाही. माझीही नव्हती. त्याने रांजण हलले नाहीत.

हे सगळं मी तुला धीर द्यायला लिहिलेलं नाही. धीर माझ्यापाशी नाही, आणि सप्टेंबरच्या पुढे तुझं हे टिकेल असं मला वाटतही नाही. लिहिलं ते उद्यासाठी. किराणावाल्याच्या दारावर चिठ्ठी लागलीय, गल्लीतला खांब बदलणार आहेत, गुरुवारी नऊ ते बारा वीज नाही. तुझ्या आईची शाळेची कचेरी उद्यापासून बंद, ती घरी असेल, माझ्या शेजारी बसून घेवडा निवडेल, आणि तिला फ्रेंच येतं. तेव्हा फ्रिज गप्प झाला की तूही गप्प हो. मादाम रुसेलला थंडीत मरू दे. दार उघडून बाहेर ये, बिया मी बशीत काढून ठेवते. माझ्या पायाशी बस, वीजवाल्यांना चार शिव्या घाल, आणि आईला ऐकू जाईल असं म्हण की ओम्मी, कंटाळा आला. ते नीट म्हण, मागच्या थंडीत म्हणाली होतीस तसं. ज्याचं काम परत यायचं असतं तोच तसं म्हणतो, आणि रफीकाच्या कानाला ते बरोबर कळेल. मी सासूच्या दातांचं परत सांगेन, तू परत हस. बारा वाजता वीज येईल. मग आत जा आणि दार लावून घे.

तुझीच, दाराबाहेर बसलेली,
ओम्मी मन्नूबिया