लालसिंगच्या ट्रकचा हिवाळा

१२ नोव्हेंबर १९६१, रविवार. नेर.
आजपासून रोजनिशी. अंगावर जबाबदारी आली आहे, आणि जबाबदार माणसानं नोंद ठेवावी.

लालसिंग आडेचा डिझेल ट्रक आज आमच्या मागच्या टिनाच्या कोठ्यात आला. शेजारच्या धर्मपालनं आणून लावला. तो जिनिंगमध्ये फिटर आहे. लालसिंग स्वतः येऊ शकत नाही. दिवाळीआधी भरल्या ट्रकवरून पडला, मांडीचं हाड मोडलं, कमरेपर्यंत प्लास्टर. डॉक्टर म्हणतात, फेब्रुवारीपर्यंत क्लचवर पाय ठेवायचा नाही. दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती तो गाडी देत नाही. गावात इतके कोठे, पण नाव घेतलं माझं. म्हणाला म्हणे, मास्तर शिकलेले हायेत, त्यायच्याकडं गाडी घरच्यावानी राह्यल. ऐकून छाती फुगली. शाळेत तर शिपाईसुद्धा उठून उभा राहत नाही.

१ मार्चपासून जिनिंगच्या कापसाच्या गठाणी बडनेरा स्टेशनावर न्यायचं काम त्याला कबूल झालं आहे. तोवर गाडी चालू हालतीत राहिली की झालं. यात अवघड काय?

धर्मपाल म्हणाला, मी येत जाईन आठ दिवसांतून एकदा, पाहून जाईन. मी म्हटलं, तुला तुझं काम कमी आहे का? मी आहे ना.

१३ नोव्हेंबर.
लालसिंगची आई मानीबाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरून दोन कोस चालत आली, मुलाचा निरोप घेऊन. चाकांखाली लाकडं लावा. दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालवा. सायलेन्सरच्या अन् हवा घ्यायच्या तोंडात कोरड्या चिंध्यांचे बोळे घाला, इंजिन चालवताना काढा, मग परत घाला. बस. म्हातारीनं जाताना ट्रकच्या चाकाला हात लावून तो कपाळाला लावला. मग माझ्या पाया पडली. मी नको नको म्हणालो, पण थोडं उशिरा.

१४ नोव्हेंबर.
लाकडं लावली. चार पोरं अन् धर्मपाल यांनी लावली, देखरेख माझी.

चिंध्यांवरून घरात कटकट. ही म्हणाली, वाकळ शिवायला वर्षभर जमवल्या चिंध्या, त्या का तुमच्या मोटारीच्या नरड्यात कोंबू? मी वाद घातला नाही. ओसरीत आमच्या दोन एकरांतला कापूस पडलाच आहे, गळ्यापर्यंत. चिंधी शेवटी कापसाचीच होते ना? चार मोठे बोळे केले, सरकीसकट, घट्ट बसवले. पांढरे शुभ्र दिसतात. लालसिंगला हे सुचलं नसतं.

१९ नोव्हेंबर, रविवार.
इंजिन चालवायचा दिवस. फार थंडी. दुपारी चालवू म्हटलं. दुपारी झोप लागली.

२६ नोव्हेंबर, रविवार.
हिचे भाऊ आले. पाहुण्यांसमोर धूर बरा नाही.

३ डिसेंबर, रविवार.
विचार केला. वर्षभर पळालेल्या इंजिनाला विश्रांती दिली आणि मग दर आठवड्याला उठवलं, तर ती विश्रांती कसली? माणसालासुद्धा असं कोणी उठवलं तर तो चिडतो.

१० डिसेंबर, रविवार. सकाळी नऊ.
आज पक्कं. किल्ली फिरवली. ट्रक कुर्र म्हणाला. पुन्हा फिरवली. कुर्रही म्हणाला नाही. थंडीनं असेल. ऊन वाढलं की आपोआप ठीक होईल.

१२ डिसेंबर.
मानीबाई बाजाराला आली, तुरीच्या शेंगा घेऊन. दर बाजाराला काहीतरी आणते अन् ट्रकला हात लावून जाते. विचारलं, गाडी कशी हाय मास्तर? लेकरू झोपत नाही, सारखा पुसून राह्यला. मी म्हटलं, ठणठणीत. शेंगा उकडून खाल्ल्या. खाऊ नयेत असं वाटलं. तरी संपल्या.

१७ डिसेंबर, रविवार.
बॉनेटमधून खुडखुड आवाज येतो. इंजिन आतल्या आत सेट होत असावं.

२४ डिसेंबर, रविवार.
सेट होत नव्हतं. उंदीर.

हिनं आपल्या डोळ्यांनी सायलेन्सरमधून एक बाहेर येताना पाहिला. मला हाक मारली. बोळ्याला हात लावला तर नुसती रुई, आत सरकीचा दाणा नाही, नुसती टरफलं. ही कपाळाला हात लावून म्हणाली, अवो, सरकी म्हणजे उंदराचं पक्वान्न! आपण बैलाले देतो ते तुम्ही उंदराले वाढून ठेवलं. अन् वरतून झाकण लावलं, का थंडी नको लागायले.

मला रागच आला. मग राग गेला. बॉनेट उघडून पाहायचं धाडस झालं नाही. न उघडता कळत नाही, आणि न कळलेल्या गोष्टीला मी जबाबदार कसा?

२६ डिसेंबर.
मानीबाई. चुलीवरचा गूळपापडीचा तुकडा, पानात बांधून. लालसिंगचं प्लास्टर निघालं, पाय बारीक झाला, काठी धरून अंगणात चालतो. त्याला म्हणे एकच आशा, मार्चच्या गठाणी. सांगायचं ठरवलं होतं. तोंडात गूळपापडी होती.

१ जानेवारी १९६२.
संकल्प. (एक) उद्याच बॉनेट उघडणार. (दोन) धर्मपालला बोलावून सगळं सांगणार. (तीन) तांड्यावर जाऊन लालसिंगसमोर उभा राहणार. दोन नंबरचा संकल्प जरा पुढं ढकलतो. धर्मपालला पहिल्या दिवशी नाही म्हटलं होतं, आता कोणत्या तोंडानं बोलवायचं?

७ जानेवारी, रविवार.
पिंजरा आणला. भाकरीचा तुकडा लावला. एक सापडला. पाप नको म्हणून गावाबाहेर, नाल्यापलीकडे नेऊन सोडला. परत आलो तर पिंजऱ्याशेजारी तसलाच एक बसलेला. तोच असेल असं मी म्हणत नाही. पण थकलेला दिसत होता.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत.
मानीबाईनं तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाली. गाडीबद्दल विचारलं. सणाच्या दिवशी कडू कसं बोलायचं? म्हटलं, एकदम फर्स्टक्लास. ही आतून ऐकत होती. दुपारी मला जेवायला वाढलं, पण तिळगूळ वाढला नाही.

२८ जानेवारी, रविवार.
बॉनेट उघडलं. बोटभर. वास आला. बंद केलं.

२ फेब्रुवारी.
सगळीकडे अष्टग्रहीची चर्चा. आठ ग्रह एका राशीत, परवा जग बुडणार. शाळेत निम्मी पोरं आली नाहीत, गावात होम चालू. मला मात्र, खरं सांगायचं तर, गेल्या दीड महिन्यात प्रथमच बरं वाटलं. जग बुडालं तर लालसिंगला सांगायचा प्रश्नच येत नाही. आज शांत झोपणार.

६ फेब्रुवारी.
जग बुडालं नाही.

१९ फेब्रुवारी.
इलेक्शन ड्यूटी. आठ दिवस धावपळ. राष्ट्रकार्य आहे, त्यापुढं खाजगी गोष्टी आणता येत नाहीत. मतदारांच्या रांगेत मानीबाई होती. बोटाला शाई लावताना तिनं विचारलंच. मी म्हटलं, बाई, इथं बोलायला मनाई आहे.

२६ फेब्रुवारी.
लालसिंग आला.

काठी टेकत, नवा फेटा बांधून. सोबत मानीबाई अन् धर्मपाल. मी रात्रभर पाठ केलं होतं: लालसिंग, माझ्या हातून चूक झाली. एवढंच वाक्य. पण त्यानं आधी ट्रकच्या अंगावरून हात फिरवला, अन् मला ते वाक्य आठवेना.

धर्मपालनं बॉनेट उघडलं. वायरी नाहीत. म्हणजे होत्या, पण नुसती तांब्याची तार. रबरी पाइप कुरतडून चाळणी. हवेच्या तोंडात आमच्याच कापसाचं मऊ घरटं, आत गुलाबी पिल्लं. धर्मपाल खालच्या आवाजात म्हणाला, पाइप नागपूरवरून आणावे लागतील, वायरिंग सारं नवं. महिना तरी लागल. लालसिंग तिथंच खाली बसला. मोडलेल्या मांडीचा पाय धड वाकत नव्हता, तो तसाच पुढं पसरून.

मग तो आईवर, त्यांच्या बोलीत याडी म्हणतात, तिच्यावर ओरडला. तू दर बाजाराले येत होती, तुले दिसलं नाही काय? सरकीचे बोळे दिसले नाहीत काय तुले? म्हातारी म्हणाली, दिसले ना बाप्पा. पहिल्याच बाजाराले दिसले. मले वाटलं काढून टाकाव. उंदरं येतीन, हे का मले समजत नाही? पण मास्तरनं लावले. मास्तर शिकलेले. मी म्हटलं, पुस्तकात लिहून असंल.

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. लालसिंगनं विचारलं, हाय काय मास्तर पुस्तकात?

मी म्हणालो, हो.

माझ्याच तोंडातून गेलं. हीसुद्धा दारात उभी होती. हिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

१ मार्च.
चौथीला भूगोल शिकवत होतो. शाळेसमोरून गठाणी भरलेला ट्रक गेला, बडनेऱ्याकडे. दुसऱ्याचा. पोरं खिडकीकडं धावली. मी त्यांना रागावलो नाही.

४ मार्च, रविवार.
लालसिंग एकटाच आला. मी बाहेर येईपर्यंत ओट्यावर बसून राहिला. मला वाटलं, कळलं याला. एकदाचं मोकळं होऊ म्हणून मी पुढं झालो.

तो म्हणाला, मास्तर, तुमच्यावर राग नाही. तुमी तर पुस्तकात पाहून केलं, तुमचा काय दोष? दोष त्या लिवणाऱ्याचा. उद्या आनखी कोण्या ड्रायव्हरची गाडी बसन. तुमचं अक्षर चांगलं हाय, त्याले एक पत्र लिवा माह्या नावानं. मी सांगतो तसं.

मी नको म्हणायला हवं होतं. टाक काढला. त्यानं सांगितलं, मी लिहिलं: तुम्ही शिकलेले, तुमच्यावर भरोसा ठेवला. तुम्हाला माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायचं होतं, आम्ही काही हसलो नसतो. माझी म्हातारी तुमच्या शहाणपणापायी गप बसली. माझा हंगाम गेला. याच्यापुढं असं कोणाला करू नका. मध्ये एक शब्द चुकला, खोडला. तो म्हणाला, सावकाश लिवा, घाई नाही.

मग त्यानं अंगठा उमटवला, वाळायला फुंकर घातली, अन् म्हणाला, पत्ता तुमालेच माहीत असन, तुमीच टाका.

लालसिंग गेला. पत्र समोर आहे. पाकीट आहे. तिकीट लावलं. पत्ता लिहायचा आहे.